हैदराबादहून कुणीतरी

"रेवती, तुझा भाऊ हैदराबादला असतो ना गं?"

"हो काका. का हो, काकूंना मोती मागवायचेत?"

"नाही. सहज विचारलं."

मी आयुष्यात सहज काही विचारलेलं नाही. दूध संघाच्या हिशेब खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस सहज विचारत नसतो. रेवतीनं मान वळवली आणि ती पुन्हा स्क्रीनकडे बघू लागली. मी टेबलाखाली वही उघडून लिहिलं, 'भाऊ हैदराबादला. विचारल्यावर हसली. विषय मोत्यांवर नेला.'

हे कराडचं, २०१६ च्या मार्चमधलं. संघातून निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या फोडणीत किती मोहऱ्या पडतात ते मी मोजू लागलो, तेव्हा तिनंच मला पावसकरांच्या ऑफिसात ढकललं. ऑफिस म्हणजे कोल्हापूर नाक्याजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सरकारी कामांची टेंडरं तोवर ऑनलाइन झाली होती. तालुक्यातल्या कंत्राटदारांना डोंगर फोडून रस्ता करता येत होता, पण कागद स्कॅन करून साइटवर चढवता येत नव्हते. ते काम आम्ही करत होतो. पावसकर साहेब गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, टायपिंगच्या दोघी फॉर्म भरायच्या, मी पावत्या आणि पगार बघायचो, आणि खरं अवघड काम, म्हणजे शेदोनशे पानांच्या फाइली मुदतीच्या आत साइटवर चढवणं, रेवती हुलवान करायची. वय सव्वीस, बोलणं फटकळ, चहाबरोबर तीन बिस्किटं. बाकीच्या दोघी दोन घ्यायच्या.

बोंब होती ती इंटरनेटची. एका लाइनीवर सगळं ऑफिस चालायचं आणि मुदतीच्या दिवशी फाइल नव्वद टक्क्यांवर जाऊन झोपायची. पावसकरांनी एका मोठ्या कंपनीकडून खास वेगळ्या लाइनीचं कोटेशन मागवलं. महिन्याला बावीस हजार. मी त्या कागदाची घडी घातली आणि त्यांना म्हटलं, "साहेब, मला आठवडा द्या."

आठवड्यात मी निसार मणेरला गाठलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, "काका, तीन स्वस्तातल्या लाइनी घ्या. टेलिफोनची एक, केबलवाल्याची एक, आणि मोबाइल कंपनीचा डोंगल, म्हणजे सिमकार्डाची कांडी. तिन्ही या राउटरला जोडतो. तो काम तिन्हींवर वाटून देतो."

"म्हणजे तिन्हींचा मिळून एक मोठा वेग?"

"नाही. रस्ता रुंद होत नाही, रस्ते तीन होतात. एक गाडी जेवढ्या वेगानं जायची तेवढ्याच वेगानं जाणार, पण तीन गाड्या एकमेकींत अडकणार नाहीत." मग डोकं खाजवून म्हणाला, "एक आहे. काही साइटींना एकच माणूस दोन रस्त्यांनी आलेला खपत नाही. त्या साइटी एकाच लाइनीला बांधून द्याव्या लागतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आठशे होतील."

"खपेल त्यांना," मी म्हटलं.

महिन्याचं सगळं मिळून बावीसशे पन्नास. पावसकरांनी टायपिंगच्या दोघींना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "शिका काही यांच्याकडून." मी पंधरा दिवस छाती काढून चाललो. डोंगलचा डेटा तेवढा मोजून मिळायचा, म्हणून त्याचा ताबा मी माझ्याकडे ठेवला होता. रेवती आली की मी तो राउटरला लावायचो, कारण मोठ्या फाइली तीच चढवायची. ती रजेवर असली की काढून ड्रॉवरमध्ये टाकायचो. तिच्यामागे उगाच कुणी त्यावर गाणी ऐकायला नकोत.

आणि मग ते मेल सुरू झाले.

ऑफिसच्या मेलवर यायचे. 'तुमचं खातं नव्या ठिकाणाहून उघडलं गेलं आहे. हैदराबाद, तेलंगणा. हे तुम्हीच होतात का?' पहिला आला तेव्हा पावसकर हसले. चौथा आला तेव्हा हसले नाहीत. त्याच सुमाराला टेंडरची साइट रेवतीला मधेच बाहेर हाकलू लागली. ती चरफडायची, "बघा काका, पुन्हा लॉगआउट. म्हणतेय, तुम्ही दुसरीकडूनही आत आहात." मी ऐकायचो आणि वहीत वेळ टाकायचो.

तरी हे सगळं वहीतच राहिलं असतं. पण एका सोमवारी हणमंतराव डुबल जिना चढून आले.

डुबल अण्णा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पाण्याच्या टाक्या बांधायचे. एवढा मोठा माणूस, पण जिन्यात चपलांचा आवाज करायचा नाही. त्या दिवशी मात्र खालपासून ऐकू आले.

"पावसकर, माझा भाव फुटला!"

"बसा अण्णा. पाणी घ्या."

"पाण्याच्याच टाकीचं टेंडर गेलंय, आता पाणी काय पिऊ? एकसष्ट लाखांचं काम, आन तासगावच्या त्या बाबानं माझ्यापेक्षा चार हजारांनी कमी भरलंय. चार हजार! लाखात न्हाई, हजारात. आंधळ्यानं नेम मारला का काय?"

"योगायोग असेल, अण्णा."

"मी बावीस वर्षं कंत्राटं घेतोय. योगायोग कसा असतो ते मला सांगू नका. भाव माझ्या डोक्यात हुता आन तुमच्या मशिनीत हुता. माझ्या डोक्यातनं कुणी काढला न्हाई." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आठ दिवसांत माणूस सापडला पायजे. न्हाईतर माझी सगळी कामं साताऱ्याला जातील. आन का गेली ते मी चारचौघांत सांगीन."

ते गेल्यावर पावसकरांचा चेहरा धुतलेल्या फरशीसारखा झाला. महिन्याचं निम्मं उत्पन्न जिना उतरून गेलं होतं. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि वही उघडली.

एकोणीस दिवसांची नोंद होती. डाव्या बाजूला हैदराबादचे मेल, वेळेसकट. उजव्या बाजूला हजेरी. सतरा दिवस मेल आले होते. दोन दिवस आले नव्हते. ते दोन्ही दिवस रेवती रजेवर होती, एकदा आईच्या डोळ्यांच्या तपासणीला, एकदा मैत्रिणीच्या साखरपुड्याला.

"साहेब, टायपिंगवाली दीपाली तीन दिवस नव्हती, तेव्हा मेल आले. तुम्ही मुंबईला गेलात, तेव्हा आले. मी दुपारी दाताला गेलो, तेव्हाही आले. रेवती नसली की येत नाहीत."

पावसकरांनी वही दोनदा वाचली. "पण ती तर इथे बसलेली असते, टोणपे काका. हैदराबादहून कोण उघडणार?"

"भाऊ."

मला तो क्षण अजून आठवतो, कारण मला बरं वाटलं होतं. संघात एकदा एका टँकरवाल्याचं पाणी मिसळणं मी असंच दोन रकाने शेजारी ठेवून पकडलं होतं. तेव्हा बरोबर निघालो होतो. त्या एका बरोबर निघण्यावर मी पुढची वीस वर्षं जगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला डुबल अण्णांना बोलावलं. टायपिंगच्या दोघींना थांबवून घेतलं. रेवतीला मधल्या खुर्चीत बसवलं. पावसकरांनी सुरुवात केली, पण त्यांना जमेना, ते 'गैरसमज नको', 'घरातल्यासारखी आहेस' असलं काहीतरी बोलू लागले. मग मीच वही पुढे केली.

तिनं रकाने पाहिले. आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली.

"काका, तुम्ही माझी हजेरी लिहीत होता?"

"सगळ्यांचीच."

"हा मेल बघा." तिनं मॉनिटर माझ्याकडे वळवला. "आज अकरा चाळीसला आलाय. अकरा चाळीसला मी हे खातं उघडलं. मीच. माझ्या खुर्चीवरून. हे हैदराबाद म्हणजे मीच आहे, काका. काहीतरी आपल्याच लाइनीचं आहे. त्या निसारला विचारा ना."

"तू इथून उघडतेस तेव्हाच तो तिथून उघडतो," मी म्हणालो. "वेळ ठरलेली असेल, तर जुळणारच."

डुबल म्हणाले, "बरोब्बर."

आज लिहिताना बोट अडखळतं, पण ती तेव्हा खरं सांगत होती आणि ते मी तिच्याचविरुद्ध वापरलं. तेही एका वाक्यात.

"लाव भावाला फोन," मी म्हटलं. "स्पीकरवर."

"कशाला?"

"लपवायचं नसेल, तर लाव."

तिनं लावला. बहुतेक तिला वाटलं असणार, दोन मिनिटांत मिटेल. प्रवीणनं उचलला. मागे रस्त्यावरच्या कसल्याशा टपरीचा गोंगाट होता. "रेवा? या वेळेला? आईला बरं आहे ना?" ती काही बोलायच्या आत पावसकर पुढे झाले. मघाशी अडखळणारा माणूस फोनवर एकदम वकील झाला. काल अकराला कुठे होता, कुठला कॉम्प्युटर वापरता, आमच्या टेंडरचा भाव तुमच्याकडे कसा पोचला. प्रवीण म्हणाला, "साहेब, मी प्लँटवर असतो, आत्ता सुटलो. ड्युटीत आमचे फोन गेटवर जमा करून घेतात. मला तुमच्या टेंडरचं काही माहीत नाही."

फोन गेटवर जमा. मला ते उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं.

"हे पोलिसात जाणार," पावसकर म्हणाले. "तुमच्या कंपनीतही कळवू."

पलीकडे आवाज बदलला. "रेवा, तू माझं नाव दिलंस? कशात? काय केलंयस तू?"

"दादा, मी काही..."

त्यानं फोन ठेवला. रेवतीनं पर्स उचलली, ड्रॉवरमधून स्वतःचा पेन घेतला, आणि दारात थांबून एकट्या माझ्याकडे बघून म्हणाली, "मी गेल्यावर मेल बंद होतात का, तेही लिहा."

मी लिहिलं. मेल बंद झाले.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. हैदराबाद गप्प. साइटही कुणाला बाहेर काढेना. पावसकरांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढ्याचा बॉक्स दिला. डुबल अण्णांनी आपली कामं आमच्याकडेच ठेवली आणि त्या बदल्यात चोर कसा पकडला त्याची गोष्ट कराडभर सांगितली, त्यात माझं नाव आदरानं घेऊन. मी सगळे पासवर्ड बदलले. नवे पासवर्ड कागदाच्या एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. पावसकरांनाही दिले नाहीत.

दहाव्या दिवशी डुबलांचंच आणखी एक काम आलं. उंडाळ्याकडच्या टाकीचं. दोनशे दहा पानं. रेवतीच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं, तेव्हा म्हटलं, आपणच शिकू. सकाळी साडेदहाला तिच्या खुर्चीत बसलो. फाइल मोठी, म्हणून ड्रॉवरमधला डोंगल काढून राउटरला लावला. ऑफिसचा मेल उघडला.

तीन मिनिटांत घंटी वाजली. 'तुमचं खातं नव्या ठिकाणाहून उघडलं गेलं आहे. हैदराबाद, तेलंगणा. हे तुम्हीच होतात का?'

मी शर्टाचा खिसा चाचपला. चिठ्ठी होती.

साइटनं मला बाहेर काढलं. म्हणाली, तुम्ही दुसरीकडूनही आत आहात. मी डोंगल उपसला. सगळं सुरळीत. पुन्हा लावला. दुसऱ्या खात्यातून आत गेलो. काही मिनिटांत पुन्हा हैदराबाद. काढला. बंद. असं मी सहा वेळा केलं. टायपिंगच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या बगलांना घाम फुटला होता, पंखा डोक्यावर असून.

निसारला फोन लावला. तो हसला. "अहो काका, त्या मोबाइल कंपनीचं मोठं यंत्र हैदराबादला असेल. तुमचा डोंगल कराडात असला तरी जगाला दिसणार तिथूनच. सांगितलं होतं ना, दोन रस्त्यांनी आलेलं खपत नाही? आठशे..."

मी फोन ठेवला.

वही काढली. डोंगलचा रकाना मी कधी केलाच नव्हता. करायची गरजही नव्हती. रेवतीच्या हजेरीचा रकाना तोच डोंगलचा रकाना होता. ती आली की मी लावायचो, ती नसली की मी काढायचो. एकोणीस दिवस मी माझंच लावणं-काढणं लिहिलं होतं.

मग तो फुटलेला भाव? दुपारी जेवण न करता मी डुबलांच्या जुन्या फाइली काढल्या. चार वर्षांतली अकरा टेंडरं. सरकारनं धरलेल्या रकमेपेक्षा किती कमी भरलं, त्याला या धंद्यात 'बिलो' म्हणतात. अण्णांचे अकराही सव्वाचार टक्के बिलो. पाव टक्का इकडे नाही की तिकडे नाही. त्यांचा भाव फोडायला चोर कशाला हवा होता? उघडलेल्या टेंडरांचे आकडे साइटवर सगळ्यांना दिसतात; तासगावच्या माणसाला भागाकार येत होता, एवढंच.

संध्याकाळी पावसकरांना सगळं दाखवलं. त्यांनी डोंगल हातात घेऊन मेलेल्या उंदरासारखा धरला.

"आता काय करायचं म्हणता?"

"सांगायचं. सगळ्यांना."

"टोणपे काका, डुबल शांत झालेत. मुलगी गेली, मिळेल तिला दुसरीकडे. उकरू नका."

"मिळालीय का दुसरीकडे?"

त्यांना माहीत नव्हतं. मी शोधलं. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती, पानाला सहा रुपये. मी टेबलासमोर उभा राहिलो तेव्हा तिनं वर न बघता विचारलं, "उत्पन्नाचा दाखला की जातीचा?"

"रेवती, मी."

तिचे हात थांबले नाहीत. मी तिथेच, रांगेतल्या दोन माणसांच्या पुढे उभं राहून, डोंगलपासून सव्वाचार टक्क्यांपर्यंत सगळं सांगितलं. मागचा म्हातारा म्हणाला, "अहो, तुमचं काय ते नंतर बोला." ती त्याला म्हणाली, "थांबा आजोबा, माझंच चाललंय."

सांगून झाल्यावर मी म्हटलं, "माफ कर. परत ये. साहेबांशी मी बोलतो, पगारही..."

"दोन ठिकाणी गेले होते काम मागायला," ती म्हणाली. "एकानं विचारलं, डुबलांचा भाव फोडणारी तूच ना? दुसऱ्यानं काहीच विचारलं नाही, नुसता हसला." कागद ओढून तिनं म्हाताऱ्याला दिला. "ते एक वेळ सोडा. दादानं मेसेज केलाय, प्रकरण मिटेपर्यंत मला फोन करू नकोस. त्याच्या कंपनीत पोलिसांचा कागद गेला तर नोकरी जाईल, दोन मुलं आहेत. बारा दिवस झाले. आईला सांगितलंय, त्याचा फोन बिघडलाय."

"मी त्याला फोन करून सांगतो. आत्ता, इथून."

"इथून नको." पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तेव्हा जसा लावलात, तसाच लावा. त्याच खोलीत, स्पीकरवर, तेच सगळे समोर. साहेब, त्या दोघी, आणि डुबल. डुबल नसतील तर मी येणार नाही."

पावसकर तयार होईनात. मी म्हटलं, "साहेब, एकतीस मार्चला नऊ दिवस आहेत. वर्षाचे हिशेब माझ्याकडे आहेत. उद्यापासून माझा दात पुन्हा दुखू शकतो." ते तयार झाले. डुबल अण्णांना मी कळवलं, उंडाळ्याच्या फाइलीवर सही राहिली आहे, दीड वाजता या. खोटं नव्हतं. सही खरंच राहिली होती. मीच ठेवली होती.

दीडला सगळे जमले. रेवती बाहेरच्यांच्या बाकावर बसली, स्वतःच्या खुर्चीवर नाही. तिला बघून डुबल वळलेच.

"ही इथं कशी?"

"बसा अण्णा. तुमचा चोर सापडलाय," मी म्हटलं.

ते बसले. मी माझ्या फोनवरून प्रवीणचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"ड्युटी तीनला सुटते," रेवती म्हणाली. "फोन गेटवर जमा असतो."

पावसकर छताकडे बघू लागले. मी मेसेज टाकला, 'आपल्या बहिणीच्या ऑफिसातून टोणपे. प्रकरण मिटलं आहे. सुटल्यावर कृपया फोन करा.'

"तीनपर्यंत मी इथं बसू व्हय?" डुबल उठले. "माझी माणसं थांबलीत साइटवर."

"बसा," रेवती म्हणाली. आवाज चढवून नाही, नेहमी फाइल मागायची तशी. डुबल अण्णांना आयुष्यात कुणी असं सांगितलं नसावं. ते बसले.

दीड तास होता. तो मी भरून काढला. डोंगल लावला, मेल आला. काढला, बंद झाला. डुबलांना तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं लावून पाहिला आणि घंटी वाजल्यावर हात मागे घेतला.

"बरं, हे असंल मशिनीचं. आन माझा भाव?"

मी अकरा फाइली टेबलावर मांडल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा लिहिलेला. ते एकेक बघत गेले. सातव्या फाइलीपाशी त्यांनी चष्मा काढला. टायपिंगच्या दीपालीला हसू आवरेना, ती पाणी प्यायला उठली.

"सव्वाचार माझ्या वडलांचा हिशोब हुता," डुबल हळूच म्हणाले. "ते म्हनायचे, याच्या खाली गेलास की सिमेंट खावं लागतं."

तीन वाजले. तीन पाच झाले. रेवती आपल्या नखांकडे बघत होती. पावसकर म्हणाले, "नसेल करायचा त्याला." तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

तीन चौदाला माझा फोन वाजला. मी स्पीकर लावून तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बोला," पलीकडून आवाज आला. मागे बसचे हॉर्न वाजत होते.

मी उभा राहिलो. फोनवर बोलायला कुणी उभं राहत नाही, पण राहिलो. "प्रवीण, मी टोणपे. त्या दिवशी तुम्हाला फोन लावायला मीच सांगितलं होतं. तुमच्या बहिणीनं काही केलेलं नाही. तुम्हीही नाही. आमच्याच ऑफिसातला डोंगल हैदराबाद दाखवत होता. तो मीच लावत होतो आणि मीच काढत होतो. तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं की दोष लाइनीचा आहे. मी ऐकलं नाही. इथे पावसकर साहेब आहेत, डुबल अण्णा आहेत, सगळे ऐकताहेत."

प्रवीणनं आधी एकच विचारलं.

"पोलिसात दिलंय?"

"नाही."

"देणार आहात?"

"कुणी काही चोरलेलंच नाही हो."

"साहेब आहेत ना तिथे? त्यांना बोलू दे."

पावसकर पुढे वाकले. "चूक झाली आमच्याकडून. कंपनीत काही कळवलेलं नाही. कळवणारही नाही."

"आणि ते डुबल कोण?"

डुबल अण्णांनी घसा खाकरला. "मी. माझी टाकी गेली म्हणून मी आरडाओरडा केला. गावात बी बोललो. आता ज्यांना ज्यांना बोललो त्यांना उलटं सांगीन, जाऊन." थोडं थांबून म्हणाले, "पोरीचं काय चुकलं न्हाई, पाव्हणं."

बस निघून गेली असावी, कारण पलीकडे एकदम शांत झालं आणि प्रवीणचा श्वास ऐकू येऊ लागला.

"रेवा आहे का तिथं?"

ती बाकावर होती, टेबलापासून चार पावलांवर. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं.

"तिच्याकडे द्या."

रेवती उठली. फोन हातात घेतला, अंगठ्यानं स्पीकर बंद केला आणि कानाला लावून बाहेर जिन्यात गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. आधी ती नुसतीच ऐकत राहिली, मग तिनं भिंतीला हात टेकवला, मग पायरीवर बसली. ती काय बोलत होती ते आम्हांला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचा प्रयत्नही कुणी केला नाही. डुबल अण्णांची माणसं साइटवर थांबलेली होती, तरी ते उठले नाहीत.

अर्ध्या तासानं ती आत आली. डोळे सुजले होते. तिनं फोन माझ्या टेबलावर ठेवला. गरम झाला होता.

"रेवती, मग उद्यापासून..." पावसकरांनी सुरुवात केली.

"चार्जिंग संपत आलंय, काका," ती मला म्हणाली, आणि आपल्या जुन्या खुर्चीकडे न बघता जिना उतरून गेली.